गिरमिट

गिरमिट हा शब्द आपल्याला सुताराने शिकवला. लाकडाला भोक पाडण्याचे ते हत्यार. वर आडवी मूठ, खाली पिळाचे टोक, आणि एकदा लाकडात शिरले की पलीकडून बाहेर पडेपर्यंत थांबायचे नाही. ‘डोक्याला गिरमिट लावणे’ म्हणजे काय, हेही आपल्याला ठाऊक आहे. आमच्या उपनगरातल्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेला मी गेली पंधरा वर्षे न चुकता जात असल्यामुळे या शब्दाचे हे दोन्ही अर्थ मला चांगले परिचित होते. तिसऱ्या अर्थाचा खुलासा मात्र यंदाच्या मालेत झाला.

‘ॲग्रीमेंट’ या साहेबी शब्दाचे भोजपुरी मजुरांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाले आणि त्या कागदावर अंगठा उठवून जो बोटीत चढला तो ‘गिरमिटिया’. मॉरिशस, त्रिनिदाद, गयाना, फिजी, नाताळ. जिथे जिथे इंग्रजांना ऊस हवा होता आणि ऊस तोडायला गुलाम उरले नव्हते, तिथे तिथे हे गिरमिट गेले. सुताराचे काय आणि साहेबाचे काय, गिरमिटाचा गुण एकच. स्वतः गोल गोल फिरते, भोक मात्र सरळ पाडते.

बँकेतला माणूस व्याख्यानाला कशाला जातो, असा प्रश्न आमच्या सौभाग्यवतीला दरवर्षी पडतो आणि त्याचे उत्तरही दरवर्षी तीच देते. ‘तिथे कोणी तुम्हाला पासबुक छापून द्या म्हणत नाही म्हणून!’ यात तथ्य आहे. शिवाय व्याख्यानात एक माणूस बोलतो आणि दोनशे माणसे गप्प बसतात. काउंटरवर याच्या बरोबर उलट असते.

यंदाचे वक्ते ऐतिहासिक कादंबरीकार होते. विषय होता ‘परमुलखात गेलेल्या माणसांचे जीवन आणि ऐतिहासिक कादंबरी’. त्यांनी मॉरिशसला गेलेल्या गिरमिटियांवर सहाशे पानांची कादंबरी लिहिली आहे. त्यांचे नाव मी सांगत नाही. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघायची आहे आणि सुधारणेला वाव आहे. अध्यक्षांनी त्यांची ओळख करून देण्यात पाऊण तास घेतला. त्यात कादंबरीची बरीचशी कथा सांगून टाकल्यामुळे वक्त्यांचा भार पुष्कळच हलका झाला होता आणि ते कथेकडून सरळ भावनेकडे वळले.

मला एक वाईट खोड आहे. कुठलीही गोष्ट दोनदा झाली की मी मोजायला लागतो. निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर मी रेघा मारीत गेलो. पहिल्या अर्ध्या तासात ‘अश्रू’ एकोणीस वेळा आले, ‘घाम’ चौदा वेळा, ‘रक्त’ बारा वेळा. म्हणजे तीन द्रवपदार्थांचीच बेरीज पंचेचाळीस. ‘मातीची ओढ’ अकरा वेळा लागली. ‘संघर्ष’ मी चाळिशीनंतर मोजायचा सोडला. ‘रुपया’ हा शब्द मात्र एकदाही आला नाही. आता मला सांगा, माणसे घरदार सोडून, काळे पाणी ओलांडून, पाच-पाच वर्षांच्या करारावर गेली ती काही अश्रू ढाळायला गेली नव्हती. अश्रूंची सोय गावातही होती. ती गेली पगारासाठी. आणि त्या पगाराचा आकडा सांगायला आमच्या वक्त्यांना तासाभरात सवड झाली नाही.

मग एक गंमत झाली. वक्त्यांनी पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला. मॉरिशसमध्ये मोका येथे महात्मा गांधी संस्था आहे. गिरमिटियांच्या नोंदवह्या तिथे जपून ठेवल्या आहेत. त्यातल्याच एका पानाची ही झेरॉक्स. त्यांनी ती उंच धरून सभेला दाखवली आणि म्हणाले, ‘पाहा! इतिहासाने या माणसांसाठी एवढेच ठेवले. अनुक्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव, उंची, अंगावरची खूण. ही कोरडी माहिती! हिच्यात माणूस कुठे आहे?’ आणि कागद परत पिशवीत गेला. पुन्हा अश्रू सुरू झाले.

मी खुर्चीत सरळ झालो. कारण त्यांनी वाचून दाखवलेले सगळे रकाने माझ्या ओळखीचे होते. आमच्या बँकेत त्याला केवायसी म्हणतात. नाव, बापाचे नाव, जन्मतारीख, पत्ता, फोटो. ते काम मी दिवसातून पंचवीस वेळा करतो आणि त्यात माणूस नसतो असे मला आजवर कोणी सांगितलेले नाही. उलट माणूस समोर उभाच असतो, आणि त्याला घाई असते. रकाना कोरडा असतो हे खरे. पण तो भरणारा आणि भरून घेणारा असे दोन जिवंत प्राणी टेबलाच्या दोन बाजूंना असतात. त्या टेबलावर काय घडले, हे शोधून काढायचे काम इतिहासकाराचे जिथे संपते तिथे कादंबरीकाराचे सुरू होते, अशी माझी आपली समजूत आहे. आमच्या वक्त्यांनी तेच टेबल ओलांडून पलीकडे उडी मारली.

उदाहरणार्थ, हा हिशेब घ्या. इंग्रजांच्या राज्यात गुलामगिरी बंद करणारा कायदा १८३३ साली झाला. मॉरिशसच्या मळेवाल्यांना पर्यायी हात हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलास’ नावाचे जहाज कलकत्त्याहून छत्तीस मजूर घेऊन पोर्ट लुईस बंदरात लागले. सरकारी भाषेत याला ‘महान प्रयोग’ म्हणत. (सरकारला जे इतरांवर करून पाहायचे असते त्याला सर्वच काळात प्रयोग म्हणतात.) या पहिल्या मजुरांना ‘धांगर’ म्हणत. आपले मेंढ्या राखणारे धनगर ते हे नव्हेत. हे छोटा नागपूरच्या डोंगरातले आदिवासी. करार पाच वर्षांचा, पगार दरमहा पाच रुपये, वर तांदूळ, डाळ, मीठ, कपडा. हा प्रयोग इतका यशस्वी झाला की पुढच्या काळात एकट्या मॉरिशसमध्ये जवळजवळ पाच लाख माणसे उतरली. ती ज्या दगडी पायऱ्यांवरून चढली तो आप्रवासी घाट युनेस्कोने २००६ साली जागतिक वारशाच्या यादीत घातला.

आता खरी गंमत पगाराची. मळ्यावर ‘डबल कट’ नावाची पद्धत होती. एक दिवस गैरहजर राहिलात तर दोन दिवसांचा पगार कापायचा. आमच्याकडे बिनपगारी रजा असते. त्यात एका दिवसाला एकच दिवस जातो आणि तरीही युनियन निवेदन देते. इथे वाणिज्य शाखेच्या पदवीधराला चार पैशांचे गणित केल्यावाचून राहवत नाही. समजा, एक मजूर तीस दिवसांपैकी दहा दिवस गैरहजर लागला. न केलेल्या दहा दिवसांचे गेले, दंडाचे आणखी दहा दिवस गेले. वीस दिवस ऊस तोडून हातात पगार दहा दिवसांचा. पाच रुपयांच्या हिशेबाने १ रुपया १० आणे ८ पै. आणि पंधरा दिवस गैरहजर लागला तर? तर उरलेले पंधरा दिवस तो फुकट राबला. बाकी शून्य. आणि गैरहजर कोण, याची नोंद ठेवणार मालकाचाच माणूस.

वाचकहो, या ‘बाकी शून्य’मध्ये एक अख्खी कादंबरी आहे की नाही? महिनाअखेरीला तो माणूस रांगेत उभा राहतो, टेबलापाशी येतो, आणि पलीकडचा कारकून वहीत बघून मान हलवतो. मला तो प्रसंग लिहिता येत नाही, कारण मी कादंबरीकार नाही. ज्यांना लिहिता येतो त्यांनी तो लिहायला हवा होता. त्याऐवजी त्यांनी सूर्यास्त लिहिला.

व्याख्यानाहून घरी परतल्यावर मी एक गोष्ट केली, तिचे श्रेय मात्र वक्त्यांनाच दिले पाहिजे. त्यांनी जाता जाता दोन-चार पुस्तकांची नावे घेतली होती, ती मी वाचनालयातून आणि इकडून-तिकडून मिळवली. चांगल्या व्याख्यानाने माणूस तृप्त होतो. फसलेल्या व्याख्यानाने वाचनालयाचा खप वाढतो.

पहिले पुस्तक अमिताव घोष यांचे ‘सी ऑफ पॉपीज’. ते २००८ साली आले आणि त्या वर्षीच्या बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीतही गेले. काळ १८३८ चा. गाझीपूरजवळच्या खेड्यातली दीती नावाची बाई, तिचा नवरा अफूच्या सरकारी कारखान्यात कामाला आणि स्वतःही अफूबाज. नवरा मरतो, तिला सती घालायला निघतात, कलुआ नावाचा धिप्पाड गाडीवान तिला चितेवरून उचलून पळवतो आणि दोघे गिरमिटिया होऊन ‘आयबिस’ नावाच्या, पूर्वी गुलाम वाहणाऱ्या जहाजावर चढतात. त्याच जहाजावर खोट्या सहीच्या खटल्यात शिक्षा झालेला एक बंगाली जमीनदार, फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाची मुलगी आणि तिच्याबरोबर वाढलेला नावाड्याचा पोरगाही येऊन पोहोचतात. योगायोग इतके की मनमोहन देसाईंनीही एखादा कमी केला असता. चितेचा प्रसंग वाचताना तर मागून पार्श्वसंगीत ऐकू येते. माझे मत विचाराल तर पुस्तकाचा हा भाग जरा स्वस्त आहे.

पण याच पुस्तकात दीती आजारी नवऱ्याला आणायला अफूच्या कारखान्यात जाते तो भाग वाचा. अफूच्या धुळीने शिंकणारी माणसे, कमरेएवढ्या हौदात उतरून अफू तुडवणारे कामगार, आणि कारखान्याच्या गटाराचे पाणी पिऊन झिंगलेली माकडे. इथे घोष कुठेही ‘अहो हे किती भयंकर’ असे म्हणत नाहीत. एक गावठी बाई नवरा शोधत एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाते एवढेच. पण ती माणसे गाव सोडून का पळाली हे त्या चार खोल्यांत कळते. शेतात गव्हाऐवजी अफू, घरात अफू, नवऱ्याच्या रक्तात अफू. मग समुद्र बरा.

भाषेबद्दल तक्रार करणारे पुष्कळ भेटतील. पानोपानी खलाशांचे शब्द आहेत आणि इंग्रजी कोशात ते सापडत नाहीत. पण आपल्याला काय अडचण? सारंग, तांडेल, मालिम. इंग्रज वाचकाला घाम फुटला असेल. रत्नागिरीकडच्या माणसाला ही शेजाऱ्यांची आडनावे वाटतील.

मला मात्र या पुस्तकात माझा माणूस सापडला. बर्नहॅम नावाच्या व्यापाऱ्याचा गुमास्ता, बाबू नोब किसिन. (मूळ नबकृष्ण, साहेबाच्या तोंडात जाऊन आलेला.) व्यवहाराला पक्का, हिशेबात चोख, आणि डोक्यात सतत देऊळ बांधण्याचे खूळ. जहाजाच्या कर्मचाऱ्यांच्या यादीत झॅकरी नावाच्या अमेरिकन खलाशाच्या नावापुढे वर्णाच्या रकान्यात ‘ब्लॅक’ अशी नोंद त्याला सापडते. झॅकरीची आई गुलाम होती. दिसायला मात्र तो गोरा. दुसरा कोणी असता तर त्याने ही चूक म्हणून लाल शाईने खूण केली असती. आमच्या बाबूला साक्षात्कार होतो. काळा म्हणजे कृष्ण! भगवंत प्रकटले आणि जहाजाच्या कागदपत्रांत प्रकटले! मी हसलो, आणि मग थांबलो. कारण त्या एका शब्दाने अमेरिकेत झॅकरीचे आयुष्य बरबाद झाले असते आणि त्याच शब्दाने इथे त्याचा देव झाला. रकाना तोच, शब्द तोच. वाचणारा कारकून निराळा.

आणि त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. कलुआ नोंदणीला उभा राहतो. तो आपले नाव मधू सांगतो, त्यापुढे कलुआ येते आणि कागदावर उतरते ‘मॅडो कॉल्व्हर’. बस्स. त्याचा वंश पुढे कॉल्व्हर झाला. त्रयीतले दुसरे पुस्तक ‘रिव्हर ऑफ स्मोक’ २०११ साली आले. त्याच्या सुरुवातीला मॉरिशसमध्ये म्हाताऱ्या दीतीभोवती सगळे कॉल्व्हर कुटुंब जमलेले दिसते. जातीने ज्याला गावकुसाबाहेर ठेवले त्या गाडीवानाचे आडनाव एका माणसाच्या कानाच्या दोषामुळे गोऱ्या साहेबासारखे झाले. त्यात अपमान आहे आणि सुटकाही आहे. आमच्या वक्त्यांनी पिशवीत परत ठेवलेल्या त्या कोरड्या पानात माणूस कुठे आहे, याचे हे उत्तर. तो तिथेच आहे, फक्त स्पेलिंग चुकलेले आहे.

हे निव्वळ घोषांच्या डोक्यातून आलेले नाही. मॉरिशस १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र झाला. त्याचे पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम. त्यांचे नाव रोमन लिपीत वाचले तर ‘सीवूसागर’ असा काहीतरी उच्चार होतो. पुढे पंतप्रधान झालेले अनिरुद्ध जगन्नाथ कागदोपत्री ‘जगनॉथ’ आहेत. कुठल्या तरी टेबलामागच्या कुठल्या तरी कारकुनाने जसे ऐकले तसे लिहिले आणि जेवायच्या सुट्टीला उठून गेला. त्याला कल्पनाही नव्हती की आपण पंतप्रधानांची आडनावे पाडतो आहोत.

दुसरे पुस्तक अभिमन्यु अनत यांचे ‘लाल पसीना’. हे हिंदीत आहे आणि १९७७ साली आले. अनत मॉरिशसचेच, १९३७ साली जन्मलेले. २०१८ साली गेले. घोषांचे पहिले पुस्तक समुद्रातच संपते. अनतांची माणसे मळ्यावर आहेत. तिथली कोठी, तिथला सरदार, संध्याकाळची बैठक, आणि त्या बैठकीलाही लागणारी नजर. अनतांची पात्रे अधूनमधून सभेत बोलल्यासारखी बोलतात हे खरे, आणि मालकपक्षात एखादा बरा माणूस शोधायला लेखकाने फारसे कष्ट घेतलेले नाहीत. पण घोष हे सगळे वाचून जाणतात आणि अनत राहून जाणतात, हा फरक वाचताना कळतो. घोषांच्या पुस्तकात मला वस्तू दिसल्या. अनतांच्या पुस्तकात कंटाळा दिसला. रोज तेच शेत, तोच कोयता, तीच हजेरी. गिरमिटियाच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट ती होती, आणि कादंबरीत ती आणणे सगळ्यात अवघड. वाचकाला कंटाळा न आणता कंटाळा लिहायचा म्हणजे काय, हे आमच्या बँकेच्या वार्षिक अहवालाच्या लेखकाला विचारा.

मॉरिशसला भोजपुरीत मारीच म्हणत. तिथे दगड उलटला की खाली सोने सापडते, असे अरकाटी म्हणजे मजूर भरती करणारे दलाल सांगत, अशी तिकडची पिढ्यान्‌पिढ्यांची कथा आहे. मारीच आणि सोने! रामायण ज्यांना तोंडपाठ होते त्यांना तरी हा योग कळायला हवा होता. पण सीतामाईला कळला नाही तिथे गाझीपूरच्या शेतकऱ्याला काय कळणार? नताशा अप्पाना या मॉरिशसच्या लेखिकेची २००३ सालची फ्रेंच कादंबरी याच विषयावर आहे आणि तिच्या नावातच सोन्याच्या भुकटीचे खडक आहेत. तिकडे त्या नावाचे गावही आहे, पूद्र दोर. आजही नकाशावर आहे. सोने अर्थात नाही.

आता व्याख्यानातल्या त्या प्रश्नोत्तरांकडे यायला हवे, कारण खरा घोटाळा तिथे झाला. आमच्या शेजारचे निवृत्त मामलेदार उठले. ते दर व्याख्यानात एकच प्रश्न विचारतात. विषय फक्त बदलतो. ‘काय हो, या सगळ्यात आपला मराठी माणूस कुठे आहे?’

वक्ते हसले. ‘मामलेदारसाहेब, मराठी माणूस घर सोडत नाही!’

कडाडून टाळ्या पडल्या. हे वाक्य मराठी सभेत आजवर कधी नापास झालेले नाही. आपण घरकोंबडे आहोत हे ऐकून आपल्याला जितका आनंद होतो तितका शूर आहोत हे ऐकूनही होत नाही. मी टाळी वाजवली नाही. एक तर हातात पत्रिका होती, आणि दुसरे म्हणजे हे खोटे आहे.

मॉरिशसला जहाजे एकट्या कलकत्त्याहून गेली नाहीत; मद्रासहून गेली आणि मुंबईहूनही गेली. रत्नागिरी-सातारा भागातली माणसे त्यांतून गेली, त्याच करारावर, त्याच उसात. त्यांची पतवंडे आजही तिथे आहेत. घरात क्रिओल बोलतात, पण गणपती बसवतात आणि गणेशचतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. बँकेतल्या माणसाला यापेक्षा मोठा पुरावा लागत नाही. जिथे आपल्या सणाला बँक बंद असते तिथे आपली माणसे आहेत, हे समजावे.

आणि नोटेचेही सांगतो, कारण ते माझे खाते आहे. हिंदुस्थानातून इतकी माणसे आली आणि त्यांच्याबरोबर इतके रुपये फिरू लागले की १८७७ पासून मॉरिशसने रुपया हेच आपले चलन केले. आजही तिथे रुपयाच चालतो. नोटेवर इंग्रजी, तमिळ आणि देवनागरी अशा तीन लिप्या. १९९८ साली नव्या नोटा काढताना देवनागरी तमिळच्या वर गेली, त्यावरून एवढा गदारोळ झाला की त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या आणि १९९९ साली पहिला क्रम ठेवून पुन्हा छापाव्या लागल्या. शंभर-दीडशे वर्षांनंतरही कोणाची ओळ वर आणि कोणाची खाली, याला किती अर्थ असतो बघा. आणि आमचे वक्ते म्हणतात, ओळीत माणूस नसतो!

आणखी एक मराठी माणूस या गोष्टीत आहे आणि त्याने तर घरी बसूनच काम केले. गोपाळ कृष्ण गोखले. १९१० साली त्यांनी कायदेमंडळात ठराव आणून नाताळला गिरमिटिये पाठवणे थांबवायला लावले. ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी ही सगळी पद्धतच बंद करा असा ठराव मांडला. तो सरकारी मतांपुढे पडला. पण प्रश्न पडला नाही, आणि १९१७ साली ही मजूरभरती थांबली. गोखल्यांनी तरुणपणी शाळेसाठी अंकगणिताचे पुस्तक लिहिले होते हे पुष्कळांना ठाऊक असेल. मला वाटते, हा योगायोग नसावा. ज्याला अंकगणित येते त्याला अन्याय लवकर दिसतो. १ रुपया १० आणे ८ पै हे उत्तर काढायला अश्रू लागत नाहीत, आणि उत्तर निघाल्यावर ते आपोआप येतात.

मॉरिशसच्या जुन्या मजुरांनीही हेच केले. १८७१ साली त्यांनी गव्हर्नरकडे अर्ज दिला. तो तयार करण्यात आदोल्फ द प्लेवित्झ या मळ्यावरच्याच एका गोऱ्या माणसाने मदत केली. अर्जावर ९,४०१ सह्या नि निशाण्या होत्या. नऊ हजार चारशे एक! मला त्या शेवटच्या एकाचे फार कौतुक वाटते. चारशेवर थांबले असते तरी चालले असते. पण कोणीतरी धापा टाकत आला असेल, म्हणाला असेल, थांबा, माझी राहिली. पुढच्याच वर्षी चौकशीला शाही आयोग आला. त्या एकावर मी सहाशे पानांची कादंबरी आनंदाने वाचीन.

तेव्हा परमुलखात गेलेल्या माणसांच्या ऐतिहासिक कादंबरीबद्दल माझे म्हणणे एवढेच. त्या माणसांनी स्वतः फारसे लिहून ठेवले नाही; त्यांच्याबद्दल दुसऱ्याने एकेक ओळ लिहिली. कादंबरीकाराने ती ओळ फेकून देऊन तिच्या जागी आपला गहिवर ठेवला, तर त्या माणसाचे दुसऱ्यांदा नाव चुकवल्यासारखे होते. गहिवर कोणालाही बसतो. तो छत्तीस जणांना बसतो आणि पाच लाखांनाही बसतो. त्याला मापच नसते. ओळ मात्र एकाच माणसाला बसते. उंची इतकी, डाव्या भुवईवर व्रण. तो व्रण कशाचा, हे सांगा. तेवढे सांगितलेत तरी तुमची कादंबरी झाली. आमच्या वक्त्यांकडे असे व्रण पिशवीभर होते आणि त्यांनी चेन लावून टाकली, याचे मला वाईट वाटते. माणूस कष्टाळू आहे. एवढी झेरॉक्स काढायला गेलेला माणूस आळशी नसतो.

ही पुस्तके वाचून झाल्यानंतर आठवड्याभरातच आमच्या शाखेत एक तरुण खाते उघडायला आला. नव्या टॉवरवर रखवालदार म्हणून लागला होता. पगार खात्यात जमा होणार म्हणून आला. त्याचे नाव इथे देत नाही. ग्राहकाची माहिती गुप्त ठेवायचा नियम आहे. मी नाव विचारले, त्याने सांगितले. मी म्हटले, ‘फिर से बोलो. आराम से.’ त्याने पुन्हा सांगितले. मी एकेक अक्षर टंकले, पडदा त्याच्याकडे वळवला आणि म्हटले, ‘बराबर है?’ मागे रांगेत कुरकुर सुरू झाली. एक आजोबा म्हणाले, ‘अहो, खाते उघडताय की बारसं करताय?’

रखवालदाराने मान तिरकी करून पडद्यावरचे नाव दोनदा वाचले आणि म्हणाला, ‘हाँ साहब, बराबर.’

पुढचा रकाना कायमच्या पत्त्याचा. जिल्हा गाझीपूर. माझा हात थांबला. मी विचारले, ‘वहाँ अफीम का कारखाना है ना?’

त्याचा चेहरा एकदम खुलला. मुंबईत त्याला हा प्रश्न विचारणारा मी पहिलाच असणार. ‘है ना साहब! गंगाजी के किनारे. और बंदर इतने हैं उधर! दिन भर सोते रहते हैं.’

हे लिहायला फॉर्मात रकाना नव्हता.